पशू नीच की मनुष्य?

एखाद्याने भावाचा हिस्सा गिळला किंवा म्हाताऱ्या आईस घराबाहेर काढले, की गावात लोक म्हणतात, "हा माणूस नव्हे, जनावर आहे." हे वाक्य आम्ही कामरगावच्या पारावर पुष्कळदा ऐकले व स्वतःही उच्चारले. परंतु महसुली दप्तरात उमेदीची वर्षे घालविल्यानंतर व आता सेवानिवृत्त होऊन घरच्या शेतीकडे वळल्यानंतर आम्हांस अशी शंका येऊ लागली आहे की, ह्या वाक्यात जनावराची विनाकारण बदनामी होते. कोणत्या बैलाने भावाची जमीन आपल्या नावावर चढविली? कोणत्या गाईने खोटी साक्ष दिली? फेरफाराच्या ज्या तक्रारी आमच्या हाताखालून गेल्या, त्या सर्व मनुष्यांनीच मनुष्यांविरुद्ध केलेल्या होत्या. तेव्हा नीतीच्या दृष्टीने मनुष्य पशूहून श्रेष्ठ की कनिष्ठ, ह्याचा विचार शेतकरी बंधूंस अस्थानी वाटू नये. कारण जनावराशी रोजचा संबंध आपलाच.

प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. कित्येकांचे म्हणणे असे की, पशू भुकेपुरते मारतो, विनाकारण मारतो तो एकटा मनुष्य. हे अनुभवास धरून नाही. खुराड्यात शिरलेले रानमांजर एक कोंबडी नेते व चार मारून टाकते, हे कोंबड्या पाळणाऱ्यास सांगावयास नको. आफ्रिकेत टांझानिया देशातील गोम्बे येथे जेन गुडाल ह्या विदुषींनी चिंपांझी वानरांचे निरीक्षण चालविले होते. तेथे १९७४ ते १९७८ ह्या काळात एका टोळीने आपल्यातूनच फुटून निघालेल्या टोळीतील नरांस एकेकटे गाठून ठार केले. म्हणजे भाऊबंदकी ही केवळ मनुष्याचीच करणी नव्हे! उलट १९६४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहावा. साखळी ओढली की खाणे मिळे, परंतु समोरच्या माकडास विजेचा झटका बसे. हे दिसताच बहुतेक माकडांनी ती साखळी ओढण्याचे टाळले. एक तर बारा दिवस उपाशी राहिले. तात्पर्य, क्रौर्य व दया ह्या दोहोंचीही मुळे पशूत आहेत.

मग भेद कोठे? तो आम्हांस ग्रंथांत न सापडता कोंडवाड्याच्या कायद्यात सापडला. युरोपात एके काळी जनावरांवर खटले चालत. फ्रान्स देशातील फालेज गावी १३८६ साली, मूल मारल्याबद्दल एका डुकरिणीस रीतसर फाशी देण्यात आली. आपल्याकडील गुरांच्या अतिक्रमणाचा १८७१ चा कायदा ह्याहून शहाणा आहे. ढोर दुसऱ्याच्या पिकात शिरले तर ते कोंडवाड्यात जाते खरे, परंतु दंड भरतो तो मालक. बैलास धुरा दिसतो. पण धुऱ्यापलीकडचे पीक परक्याचे आहे, हे त्यास कळत नाही. मालकास कळते. ज्यास कळते, जबाबदारी त्याची. येणेप्रमाणे नीतीचे खाते पशूच्या नावाने उघडतच नाही. ते मनुष्याच्याच नावे असते, व त्यात जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू असतात. मनुष्य जन्माने श्रेष्ठ नाही. त्यास श्रेष्ठ होता येते, आणि म्हणूनच नीच होणेही त्यालाच शक्य आहे.

आता हे खाते तपासून पाहू. आमच्या वऱ्हाडात गुरांच्या चराईसाठी ई-वर्ग जमीन राखलेली असते. ती किती गावांत मोकळी उरली आहे? दर हंगामास एकेक तास आत सरकत गेला, आणि चराईवर पेरणी झाली. गुरांचा घास आपण नांगरला. ते उपाशी ढोर आपल्या पिकात शिरले की त्यासच ओढाळ म्हणतो. अतिक्रमण खरे कोणाचे?

दुसरी बाब रानातल्या जनावरांची. काळविटांसाठी राखलेले कारंजा-सोहोळ अभयारण्य आमच्या तालुक्यातच आहे. रोही व रानडुकरे एका रात्रीत पिकाचा कसा विध्वंस करतात, हे जागल करणाऱ्यासच ठाऊक. त्यांना हाकलण्याचा शेतकऱ्याचा हक्क आम्ही नाकारीत नाही. परंतु कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडणे ही राखण नव्हे. ती तार डुक्कर व शेजारी ह्यांत भेद करीत नाही. रात्री मोटार सुरू करावयास निघालेला मनुष्यही तिला चिकटून मरतो. झटका देऊन पिटाळणारे, पण जीव न घेणारे यंत्र बाजारात मिळते. तरीही जो थेट तार जोडतो, त्यास परिणाम ठाऊक असतो. रानडुकरास तो ठाऊक नसतो.

तिसरी बाब सांगताना आम्हांस खाली पाहावे लागते. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे शेकतो, त्यास उद्याच्या जेवणाचे आवतण देतो, पोळ्यास शिंगे रंगवून पुरणपोळी चारतो. आमच्या घरी ढवळ्या नावाचा बैल बारा हंगाम राबला. २०१५ च्या पूर्वीची गोष्ट. त्याचे दात झिजले, चाल मंदावली. त्या वर्षीचा पोळा आम्ही थाटात केला, आणि पंधरवड्यात त्यास विकून टाकले. घेणारा त्यास कोठे नेणार, हे आम्ही विचारले नाही, कारण उत्तर ठाऊक होते. ढवळ्या गाडीत चढेना. तेव्हा आम्ही हाक दिली, आणि आमच्या हाकेवर तो चढला. शिंगांचा रंग अजून उडाला नव्हता.

पुढे २०१५ साली राज्यात बैलांच्या कत्तलीस बंदी करणारा सुधारित कायदा अमलात आला. कायदा सुरीपासून वाचवितो. उपासमारीपासून वाचवीत नाही. आता म्हातारा बैल दूरच्या रस्त्यावर सोडून देण्याची रीत पडू पाहत आहे. जनावरास उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या अपराधास त्यात दंड लिहिला आहे दहा ते पन्नास रुपये! ज्याच्या घामावर घर उभे राहिले, त्याची ही किंमत.

ह्यावर कोणी म्हणेल, "तुम्हांस निवृत्तिवेतन आहे, म्हणून नीती सुचते. ज्याच्या घरी कर्जाचा हप्ता थकला, त्याने निकामी बैल कशावर पोसावा? पूर्वी म्हाताऱ्या बैलाच्या पैशात भर घालून तो नवा घेत असे; ती वाटही बंद झाली." हा आक्षेप खरा आहे, व त्यास उपदेशाने उत्तर देता येत नाही. अशा शेतकऱ्यास आम्ही दोष देत नाही. परंतु ई-वर्ग जमीन बहुधा त्याने दाबलेली नाही; ती दाबणाऱ्यांच्या घरी बहुधा दोन वेळची ददात नसते. गरिबाची अडचण पुढे करून सधनाने आपले खाते झाकू नये.

म्हणून आमची सूचना एवढीच. ई-वर्ग जमिनीत ज्याचा तास शिरला असेल, त्याने मोजणीची वाट न पाहता तो मागे घ्यावा. मळणीनंतर सोयाबीन व तुरीचे जे कुटार आपण जाळतो किंवा कुजू देतो, त्यातला वाटा गावातील निकामी बैलांसाठी ठेवावा, म्हणजे हा भार एकट्या गरिबावर पडणार नाही. आणि कुंपणात थेट वीज कोणी सोडू नये. सोडणारा आपला सोयरा असला तरी त्यास हटकावे.

आज आमच्या गोठ्यात एक म्हातारा बैल उभा आहे. तो काम करीत नाही. कुटार खातो व रवंथ करतो. त्याला पोसल्याने ढवळ्याचे ऋण फिटत नाही, हे आम्ही जाणतो. मात्र पारावर कोणी कोणास "जनावर" म्हणाले, की हल्ली आम्ही मान डोलावीत नाही.