मोसमाअखेरचा निवाडा

कर्नाळ्याच्या सुळक्यावर जूनचे ढग उतरले, की पनवेल परिसरातील मुलांचा फुटबॉल सुरू होतो. क्रिकेटची खेळपट्टी चिखलात जाते, मैदानात पाणी साचते आणि त्या चिखलातच चेंडूमागे धावणाऱ्या पोरांचा आवाज उठू लागतो. व्यावसायिक फुटबॉलचे वेळापत्रक मात्र याच्या नेमके उलट आहे. इंडियन सुपर लीगचा मोसम पावसाळा सरता सरता सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. कोकणात पाऊस कोसळत असतो तेव्हा क्लबांच्या कचेऱ्यांत निराळेच काम चाललेले असते. गेल्या मोसमात कोण कसा खेळला, कोणाला ठेवावयाचे, कोणाला निरोप द्यावयाचा, याची छाननी प्रशिक्षक करीत असतो. सामन्याचा निकाल हजारोंच्या समोर लागतो. हा दुसरा निकाल चार भिंतींत लागतो आणि खेळाडूच्या आयुष्यावर पहिल्याहून अधिक खोल परिणाम करतो.

या छाननीची साधने आता पुष्कळ वाढली आहेत. खेळाडू किती धावला, किती वेळा वेग घेतला, थकल्यावर त्याच्या पासची अचूकता किती घसरली, दुखापतीमुळे तो किती दिवस बाहेर बसला, याची नोंद अंगातल्या यंत्रावर आणि चित्रफितींवर होते. परंतु आकड्यांनी प्रश्न सुटत नाही. बचावफळीत खेळणाऱ्याला शेजारचा सहकारी सतत बदलून मिळाला असेल, तर त्याच्या चुका त्याच्या एकट्याच्या कशा मानावयाच्या? अखेरची दहा मिनिटे तेवढी वाट्याला आलेल्या आघाडीच्या तरुणाने गोल केले नाहीत, हा त्याचा दोष की संधीचा? शिवाय परदेशी खेळाडूंची ठरलेली संख्या, क्लबची खर्चाची मर्यादा आणि कराराची उरलेली वर्षे हे सारे त्या निर्णयात मिसळते. म्हणजे ज्याला खेळाचे मूल्यमापन म्हटले जाते, त्यात खेळाव्यतिरिक्त बरेच काही असते. ते असण्याला आक्षेप नाही. दोन्हींचा हिशेब एकाच शेऱ्यात मिसळला जातो आणि खेळाडूला तो वेगळा करून कोणी सांगत नाही, आक्षेप याला आहे.

पारख आणि तिची फळे

अचूक पारख काय करू शकते, याची उदाहरणे मुंबईच्या फुटबॉलमध्येच आहेत. मिझोरामचा लालियानझुआला छांगटे जानेवारी २०२२ मध्ये चेन्नईयिनकडून मुंबई सिटीत आला तेव्हा वेगवान, पण बेभरवशाचा खेळाडू अशी त्याची ख्याती होती. प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांनी त्या वेगाला शिस्तीची जागा नेमून दिली. २०२२-२३ च्या मोसमात मुंबई सिटीने लीग विजेत्यांची ढाल जिंकली आणि छांगटे देशातील वर्षाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. खेळाडू तोच होता. त्याच्याकडे पाहणारी नजर बदलली होती.

याहून बोलके उदाहरण खालिद जमील यांचे आहे. २००९ पासून सात वर्षे त्यांनी मुंबई एफसी हा बेताच्या साधनांचा क्लब सांभाळला आणि एकदाही त्याला आय लीगमधून खाली घसरू दिले नाही. २०१६ मध्ये क्लबबरोबरचे त्यांचे नाते संपले. ते ऐझॉल एफसीकडे गेले. हा क्लब त्याच वर्षी खालच्या श्रेणीत गेला होता आणि गोव्याचे क्लब स्पर्धेतून बाहेर पडल्यामुळेच त्याला पुन्हा प्रवेश मिळाला होता. जमील यांनी मुंबई एफसीत आपल्या हाताखाली खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता यांच्यासारखे खेळाडू त्या संघात आणले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये बरोबरी साधून ऐझॉलने आय लीग जिंकली. मोहन बागानपेक्षा त्यांचा फक्त एक गुण अधिक होता. ईशान्येकडील क्लबने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला गेला, खालच्या श्रेणीत ढकलला गेला आणि पुढे बंदच पडला. ज्या प्रशिक्षकाची व ज्या खेळाडूंची मुंबईला गरज उरली नव्हती, त्यांनीच दुसऱ्या शहराला विजेतेपद मिळवून दिले. तेच जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले.

या घटनेवरून मुंबई एफसीच्या चालकांना नावे ठेवणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. कोणत्याही क्लबची पारख कधी ना कधी चुकणारच. चूक लक्षात येऊन ती दुरुस्त करण्याइतका काळ क्लब जिवंत राहतो की नाही, हा खरा प्रश्न आहे. महाराष्ट्रात त्याचे उत्तर निराशाजनक आहे.

क्लबांचेच मूल्यमापन

पनवेलहून एक रस्ता मुंबईकडे जातो आणि दुसरा बोरघाट चढून पुण्याकडे. या दोन्ही रस्त्यांच्या टोकाशी गेल्या पंधरा-सोळा वर्षांत किती क्लब नाहीसे झाले, याची मोजदाद उद्बोधक ठरेल. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड हा मुंबईचा संघ २०१० मध्ये विसर्जित झाला. एअर इंडियाचा संघ २०१३ नंतर आय लीगमध्ये राहिला नाही. पुणे एफसी आणि भारत एफसी हे पुण्याचे दोन क्लब २०१५ नंतर राष्ट्रीय लीगमध्ये दिसले नाहीत. त्यांपैकी भारत एफसीचे आयुष्य तर एकाच मोसमाचे ठरले. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये बाहेर पडला, त्याच वर्षी मुंबई एफसी गेला. एफसी पुणे सिटीने २०१७-१८ मध्ये सुपर लीगची उपांत्य फेरी गाठली आणि पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, तो क्लब मिटला. त्याच्या जागी हैदराबादचा क्लब उभा राहिला. पुण्याचे निखिल पुजारी आणि आशिष राय हे खेळाडू त्यात गेले आणि २०२२ मध्ये ते लीगचे विजेते झाले.

येथे एक विसंगती ठळकपणे नजरेत भरते. खेळाडू गुणवत्तेत कमी पडला तर त्याला दरवर्षी जाब द्यावा लागतो. क्लब गुणवत्तेत कमी न पडताही गुंडाळला जातो आणि त्याचा जाब कोणालाच द्यावा लागत नाही. पुण्याच्या प्रशिक्षकाने २०१८ च्या उन्हाळ्यात आपल्या तरुण खेळाडूंविषयी जे काही टिपले असेल, त्याचा लाभ पुण्याच्या प्रेक्षकांना झाला नाही. मूल्यमापन ही पुढच्या वर्षासाठी केलेली पेरणी असते. शेतच विकले जाणार असेल, तर बियाणे निवडण्याला अर्थ राहत नाही.

मुंबई सिटी हा त्यातल्या त्यात टिकलेला क्लब. पण तेथेही यादी करणारा एक आणि तिच्यावर संघ चालविणारा दुसरा, असे घडले आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात बकिंगहॅम यांनी संघ बांधला आणि मोसम सुरू असतानाच नोव्हेंबरमध्ये ते इंग्लंडला परतले. पीटर क्राटकी यांनी तो संघ हाती घेतला, मोसमाच्या मध्यावर ग्रेग स्ट्युअर्टसारखा मोहरा गमावूनही तो सावरला आणि ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून करंडक मिळविला. त्या वेळी क्लबमागे परदेशी भागीदाराची मजबूत यंत्रणा होती, म्हणून हा बदल पेलला. तो भागीदारही डिसेंबर २०२५ मध्ये बाहेर पडला.

जुना आसरा, नवी अनिश्चितता

एके काळी हा प्रश्न इतका तीव्र नव्हता. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, आरसीएफ अशा संघांतून खेळणारा फुटबॉलपटू हा आधी नोकरदार असे. प्रशिक्षकाने संघातून वगळले तरी महिन्याचा पगार सुटत नसे. बूट खुंटीला टांगल्यावर टेबलाची खुर्ची त्याची वाट पाहत असे. या व्यवस्थेने खेळात सुस्ती आणली, उमेद संपलेल्यांना मैदानात राहू दिले, हा आरोप खोटा नाही. पण खेळाडूला वर्षानुवर्षे पाहण्याची सवड तिने प्रशिक्षकाला दिली. सय्यद अब्दुल रहीम यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत डोक्याला जखम झालेल्या जर्नेलसिंगला बचावफळीतून काढून थेट आघाडीला खेळविले. जर्नेलने उपांत्य आणि अंतिम, दोन्ही सामन्यांत गोल केला आणि दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून भारताने सुवर्णपदक जिंकले. हा निर्णय आयत्या वेळचा दिसतो. वस्तुतः तो दीर्घ सहवासातून आलेल्या ओळखीचा होता. एक-दोन मोसमांच्या करारावर येणाऱ्या प्रशिक्षकाला एक-दोन मोसमांच्या करारावरील खेळाडूची अशी ओळख कधी व्हावी?

या अनिश्चिततेचा कळस २०२५ मध्ये झाला. त्या वर्षीच्या जुलैत लीगच्या आयोजकांनी पुढील मोसम स्थगित ठेवल्याचे क्लबांना कळविले, कारण महासंघाबरोबरचा त्यांचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपत होता आणि पुढचे काहीच ठरले नव्हते. काही क्लबांनी मुख्य संघाचे काम थांबविले, काहींनी वेतन रोखले. मधल्या काळात सुपर कपचे सामने झाले. परंतु एप्रिल २०२५ मध्ये संपलेली लीग पुन्हा सुरू होण्यास १४ फेब्रुवारी २०२६ उजाडला आणि तीही प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एकच सामना अशा आखूड स्वरूपात. दहा महिन्यांची ही विश्रांती कोणी मागितली नव्हती. पुढच्या मोसमासाठी ठेवलेले आणि निरोप दिलेले, असे दोन्ही प्रकारचे खेळाडू त्या काळात सारखेच बेकार होते. जिची कारकीर्द जेमतेम दहा-बारा वर्षांची, अशा व्यवसायात दहा महिने गेल्याची भरपाई कोणताही पुढचा करार करू शकत नाही.

निवाड्याचे नियम

निवड करण्याचा प्रशिक्षकाचा अधिकार काढून घ्यावा, असे कोणी म्हणणार नाही. तो अधिकार गेला तर खेळच उरणार नाही. मात्र अधिकाराला पद्धतीची चौकट असावी लागते, आणि ती इतर देशांतही सहजासहजी मिळालेली नाही. इंग्लंडमध्ये करार संपल्यानंतरही खेळाडूची नोंदणी क्लब अडकवून ठेवी. जॉर्ज ईस्टहॅमने न्यूकॅसल क्लबविरुद्ध लढा दिला तेव्हा १९६३ मध्ये न्यायालयाने ती पद्धत अन्याय्य ठरविली. करार संपलेल्या खेळाडूसाठी नव्या क्लबकडून मोबदला मागता येणार नाही, हे युरोपच्या न्यायालयाने बेल्जियमच्या बॉसमन याच्या दाव्यात डिसेंबर १९९५ मध्ये सांगितले. खेळाडू मोकळा झाला. पण ज्याला कोणी बोलावीत नाही त्याच्या दृष्टीने मोकळीक आणि बेकारी यांत फारसा फरक नसतो. म्हणूनच करार पुढे चालणार की नाही, हे क्लबने मोसम संपताच लेखी कळविण्याचा दंडक तेथे पडला.

भारतीय फुटबॉलला निदान एवढे करणे अवघड नाही. कोणत्या कसोट्यांवर पारख होणार, हे मोसमाच्या आरंभी खेळाडूला सांगावे. निर्णय ठरलेल्या तारखेपूर्वी आणि कारणांसह लेखी द्यावा. खेळातली उणीव आणि तिजोरीतली उणीव या दोन गोष्टी त्यात स्वतंत्र असाव्यात. वैद्यकीय आणि शारीरिक नोंदींची प्रत खेळाडूच्या हाती पडावी, म्हणजे दुसऱ्या क्लबच्या दारात त्याला रिकाम्या हाताने उभे राहावे लागणार नाही. आणि पुढील मोसमाची तारीख महासंघाने आधीच्या मोसमाचा शेवटचा सामना होण्यापूर्वी जाहीर करावी. यांतील शेवटची अट पाळली गेली नाही, तर पहिल्या तीन कागदावरच राहतील.

हा प्रश्न फक्त मोठ्या क्लबांपुरता आहे, असे पनवेलकरांनी समजू नये. जवळच नेरूळच्या मैदानावर सुपर लीगचे पहिले दोन मोसम मुंबई सिटीचा संघ खेळला. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या आणि २०२२ मध्ये मुलींच्या विश्वचषकाचे सामने तेथे झाले. पनवेल महापालिकेच्या हद्दीत खारघरला सिडकोने फुटबॉलच्या उत्कृष्टता केंद्राचे काम हाती घेतले. मैदाने आली, प्रेक्षक आले, शुल्क घेऊन शिकविणारे वर्गही आले. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला मोसमाअखेर समोर बसवून, तुझे काय जमले, काय राहिले आणि पुढे कोठे जाता येईल, हे सांगणारी व्यवस्था मात्र त्याच गतीने उभी राहिलेली नाही. बहुतेक मुले नाकारली जाऊन खेळ सोडत नाहीत. त्यांच्याविषयी कोणी काही ठरविलेच नाही, म्हणून ती दहावीच्या वर्षात हळूहळू मैदानावर यायची थांबतात.

खालिद जमील यांनी ऐझॉलला नेलेले मुंबईचे खेळाडू कोणी तरी आधी वर्षानुवर्षे पाहिलेले होते, म्हणून ते वाया गेले नाहीत. पनवेलच्या चिखलात यंदा धावणाऱ्या मुलांच्या वाट्याला अशी नजर यावयाची असेल, तर ती ज्या क्लबात नोकरीस असेल तो क्लब पुढच्या पावसाळ्यातही अस्तित्वात असला पाहिजे. महाराष्ट्राच्या फुटबॉलचे मूल्यमापन करावयाचे तर आरंभ येथून करावा लागेल.