टॅली कोण करणार?

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या एका लग्नात डीजेवाल्यानं इंग्रजी गाणं लावलं. सुरुवातीला नुसती एक लांबलचक आरोळी. पोरं हात वर करून त्या आरोळीत आरोळी मिसळायला लागली. मी रात्रपाळी करून तसाच आलेलो, डोळ्यात झोप. एकाला विचारलं, कसलं रे गाणं? म्हणाला, मौजमजेचं आहे, समुद्रावरच्या सुट्टीचं.

दोस्तांनो, ते गाणं म्हणजे 'डे-ओ'. सुट्टीचं नाही ते. ते आमच्या धंद्याचं आहे, गोदीतल्या रात्रपाळीचं.

मॅट्रिकला इंग्रजीनं मला जेमतेम वर काढलं. पण त्या गाण्यातला 'टॅली' हा शब्द कानावर पडला आणि मी जागा झालो. माल मोजणारा टॅलीवाला आमच्याही धक्क्यावर असतो. त्यानं कागदावर रेघ मारली नाही तर वाहिलेलं ओझं वाहिलंच नाही असं धरतात. हे कुणी पुस्तकात वाचून शिकत नाही.

जमैकात गुलामी संपली 1838 साली. पाठ तीच राहिली, ओझं बदललं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोर्ट अँटोनियोसारख्या बंदरांतून केळ्यांनी भरलेल्या बोटी अमेरिकेला निघायच्या. माणसं, त्यात बायाही, अख्खे घड डोक्यावर घेऊन बोटीकडे रांगेनं जायची. वाटेत टॅलीवाला उभा. तो घड मोजणार, मग मजुरी. गाण्यातला माणूस रात्रभर राबलाय, आता उजाडतंय, आणि तो मोजणी उरकायला सांगतोय, कारण त्याला घरी जायचंय. घडात विषारी कोळी दडलेला असतो, तोही गाण्यात आहे. एवढंच गाणं. यात पिकनिक कुठं आहे, मला दाखवा.

असली गाणी म्हणणारी माणसं नुसती गात बसली नाहीत. मे 1938 मध्ये किंग्स्टनच्या गोदी कामगारांनी संप केला. आधी उसाच्या मळ्यात गोळीबार झालेलाच होता. बेट पेटलं. त्यातून युनियन उभ्या राहिल्या आणि 1944 ला प्रत्येक प्रौढाला मत मिळालं.

हे गाणं जगभर नेलं हॅरी बेलाफाँटेनं. हार्लेममध्ये जन्मलेला, आई घरकाम करणारी, लहानपणाची काही वर्षं जमैकात काढलेली. नौदलातून सुटल्यावर न्यूयॉर्कमध्ये इमारतींची झाडलोट करायचा. 1956 ला 'कॅलिप्सो' नावाची त्याची लाँगप्ले आली, दहा लाखांवर खपली. तिच्यावर गीतकार म्हणून शिकल्यासवरल्या माणसांची नावं. ज्या बायांच्या तोंडून ते गाणं निघालं त्यांना काय मिळालं? त्यांची टॅली कुणी केलीच नाही. हे मला खुपतं, आणि बेलाफाँटे आवडतो म्हणून मी ते झाकणार नाही.

पण त्या पैशाचं त्यानं काय केलं तेही बघा. 1963 ला बर्मिंगहॅमच्या तुरुंगात मार्टिन ल्यूथर किंग आणि शेकडो पोरं कोंडली होती. त्यांच्या जामिनाची रक्कम उभी करण्यात हा पुढे. 1964 च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत काळ्यांची नावं मतदार यादीत घालायला गेलेल्या तीन कार्यकर्त्यांना मारून मातीत पुरलं. त्यानंतर सिडनी पॉइटिएला बरोबर घेऊन बेलाफाँटे सत्तर हजार डॉलर रोख पिशवीत घालून ग्रीनवूडला गेला. रात्रीच्या रस्त्यावर क्लॅनवाले गाडीच्या पाठी लागले. तरी पैसे पोचले. नट म्हटला की आपल्या डोळ्यापुढं काय उभं राहतं, ते वेगळं सांगायला नको.

आणि एक गोष्ट खास आपल्यासाठी. 1968 मध्ये पेट्युला क्लार्क या गोऱ्या गायिकेच्या टीव्ही कार्यक्रमात दोघं युद्धाविरुद्धचं गाणं म्हणत होते. गाता गाता तिनं त्याच्या दंडाला हात लावला. झालं! पैसे पुरवणाऱ्या मोटार कंपनीचा माणूस भडकला, हा तुकडा काढा म्हणाला. रेकॉर्ड घराघरात चालते, आवाज दिवाणखान्यात चालतो, पण दंडाला हात लागला की बाटतात! विहिरीवरून हाकललेल्या आपल्या आजोबांना हे भाषांतर करून सांगायला लागलं नसतं. पेट्युलाबाई मात्र हटली नाही, तोच तुकडा दाखवायला लावला. तारीख 2 एप्रिल. दोन दिवसांनी किंगना गोळी घातली.

पुढं 1988 ला हॉलिवूडनं तेच गाणं भुताच्या सिनेमात जेवणाच्या टेबलावर हसण्यासाठी वापरलं. 2010 ला लिल वेननं त्याची आरोळी कापून रॅपला जोडली. बेलाफाँटे 2023 ला गेला, 96 वर्षांचा होऊन. आरोळी चाळीच्या लग्नापर्यंत आली, टॅलीवाला वाटेत गळला.

लग्नातल्या पोरांना मी दोष देत नाही. मीही शेवटी नाचलोच. पण 14 एप्रिलच्या ट्रकवर आपलीच गाणी अशी वाजतात की ठोका तेवढा राहतो, शब्द ऐकू येत नाहीत, आणि बांधणाऱ्याचं नाव तर कुठंच नसतं. म्हणून हा अंक छापायला देताना एक काम सांगतो. ज्यांच्या घरात गायन पार्टीतल्या आजोबांच्या, मावशीच्या वह्या आहेत, त्यांनी त्या रविवारी घेऊन याव्यात. भिजलेल्या, फाटलेल्या, कशाही. आम्ही उतरवून घेऊ आणि वही परत देऊ. गाण्याखाली बांधणाऱ्याचं नाव, गाव आणि तो कुठं कामाला होता ते छापू. नाव माहीत नसेल तर शेजारच्या म्हातारीला विचारून या. सकाळी दहाच्या आत येऊ नका, मी पाळीवरून सुटलेला नसेन.