श्वासाकडे लक्ष द्या, पण रविवार सोडू नका

सावकाश श्वास घ्या, असा सल्ला कुणी दिला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं, ही खाऊनपिऊन सुखी माणसांची चैन आहे. पहाटे उठून डबे भरायचे, मुलांना शाळेच्या व्हॅनमध्ये बसवायचं आणि डोंबिवलीच्या फलाटावर धावतपळत लोकल गाठायची, अशा बाईला श्वास कसला शिकवता? दुसरा तट सांगतो, श्वास साधला की रक्तदाब, मधुमेह, नैराश्य सगळं आपोआप पळतं. मला या दोघांशीही वाद घालायचा आहे. श्वासाला क्षुल्लक म्हणणारे आणि त्याला रामबाण म्हणणारे, दोघंही त्याच्या खऱ्या उपयोगाकडे पाठ फिरवून बसले आहेत.

आधी वेळेचा आक्षेप घेऊ. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. तो वेग सहावर आणला, तर मिनिटभराचं काम म्हणजे सहा श्वास. त्यासाठी आसन, उदबत्ती, बंद खोली यांतलं काही लागत नाही. डब्यात दांडी धरून उभं असताना, कुकरच्या शिट्टीची वाट बघताना, बँकेत टोकनचा नंबर येईपर्यंत जी मिनिटं जातात ती आपल्याकडे असतातच. हल्ली ती आपण मोबाइलला देऊन टाकतो. ज्याच्या हाताशी रिकामा तास आहे, त्याला विसाव्याचे आणखी दहा मार्ग खुले आहेत. ज्याच्याकडे मिनिटच आहे, त्याच्यासाठी तर हा मार्ग आहे.

‘हे सगळे मनाचे खेळ,’ असं म्हणणाऱ्यांनी उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवावीत. नाडी सापडली की नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. बऱ्याच जणांना, विशेषतः तरुणांना, बोटांखाली फरक जाणवतो: श्वास आत येताना ठोके जवळजवळ पडतात, बाहेर जाताना लांबतात. मेंदूपासून निघून छातीपोटात उतरणारी व्हेगस ही नस हृदयाला लगाम घालते. श्वास घेताना तो सैल पडतो, सोडताना आवळला जातो. म्हणून उच्छ्वास लांबवण्याला अर्थ आहे. श्वासाचा ठेका धरणारा पेशींचा एक छोटा पुंजका मेंदूच्या तळाशी आहे, हे १९९१ मध्ये उजेडात आलं. पुढे २०१७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं, की त्या पुंजक्यातल्या काही पेशी मेंदूला जागं आणि सावध ठेवणाऱ्या केंद्राशी थेट जोडलेल्या आहेत. त्या पेशी काढल्यावर उंदीर एरवीपेक्षा शांत झाले. उंदरावरून माणसाबद्दल सगळं सिद्ध होत नाही, पण श्वास आणि चित्ताची धावपळ यांच्यात शरीरातच वाट आहे, हे मानायला एवढं पुरेसं आहे.

तिसरा आक्षेप पुरोगामी मित्रांचा: यातून धर्म मागच्या दाराने आत येतो. हा संशय निराधार नाही. संध्येतला प्राणायाम मुंजीबरोबर मिळायचा, आणि स्त्रिया व बहुसंख्य समाज त्या दाराबाहेर असायचा. पण श्वासाची परंपरा तेवढीच नाही. बुद्धाने शिकवलेल्या आनापानात श्वास जसा येतो-जातो तसा पाहायचा असतो. अडवायचा नाही, ओढायचा नाही. सत्यनारायण गोयंका यांनी उभ्या केलेल्या इगतपुरीच्या धम्मगिरीवर आजही दहा दिवसांच्या शिबिरातले पहिले तीन दिवस एवढंच काम असतं. तिथे जप नाही, मूर्ती नाही, जातीची चौकशी नाही. लोणावळ्यात १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी तर योगक्रिया क्ष-किरणांपुढे आणि रक्तदाबमापकाखाली आणल्या आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून निष्कर्ष लोकांपुढे ठेवायला घेतले. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००१ साली इटलीतल्या संशोधकांचं एक काम प्रसिद्ध झालं. लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ म्हणा की बौद्ध मंत्र म्हणा, म्हणणाऱ्याचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येऊन स्थिरावतो, असं त्यात आढळलं. फुप्फुस कुणाचा धर्म विचारत नाही.

आता दुसऱ्या तटाकडे वळतो, कारण नुकसान त्याच्याकडून जास्त होतं. ‘दीर्घ श्वासाने शरीराला जादा ऑक्सिजन मिळतो,’ हे वाक्य बागेतल्या वर्गापासून दूरचित्रवाणीपर्यंत सर्वत्र ऐकू येतं. करोनाच्या दिवसांत घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरने याचं उत्तर आपल्याला दाखवलं आहे. निरोगी माणूस नुसता बसला असला तरी आकडा ९५च्या वरच असतो. भरलेल्या घागरीत आणखी किती ओतणार? उलट जोरजोराने, भराभर श्वास घेतला तर कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. ही सिद्धी नव्हे.

आकड्याचं स्तोमही नको. २०२३ मध्ये ४०० माणसांवर झालेल्या एका चाचणीत निम्म्यांना मिनिटाला साडेपाच श्वासांची लय दिली आणि निम्म्यांना बाराची. ताण दोन्ही गटांत सारखाच उतरला. म्हणजे सहा हा आकडा सोयीचा आहे, पवित्र नाही. रक्तदाबाची गोळी श्वासाच्या भरवशावर बंद करायला सांगणारा माणूस हितचिंतक नसतो. काहींना तर श्वासाकडे लक्ष दिल्यावर धास्ती वाढते, छाती भरून येते. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, पाय जमिनीला टेकलेले जाणवू द्यावेत आणि त्रास टिकला तर डॉक्टरांना गाठावं. श्वास कुणावर लादायचा नसतो.

दुसऱ्या तटावर अलीकडे आणखी एक मंडळी येऊन उभी राहिली आहे. माणसांकडून दहा-बारा तास काम करून घ्यायचं आणि शुक्रवारी दुपारी त्यांना श्वसनाचा वर्ग लावून द्यायचा, असा हा व्यवहार आहे. यात थकवा हा कामाच्या रचनेचा दोष न ठरता कामगाराच्या मनाचा दुबळेपणा ठरतो. याला विरोध केलाच पाहिजे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणलं, अर्ज केले, सभा घेतल्या, तेव्हा कुठे १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी पदरात पडली. शांत व्हा, मग थकवा वाटणार नाही, असं त्यांनी कामगारांना सांगितलं नाही. आज त्याच महाराष्ट्रात खासगी आस्थापनांतला कामाचा दिवस नऊवरून दहा तासांवर न्यायला मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली आहे. तासांचा प्रश्न तासांनीच सुटेल. श्वास त्याची जागा घेऊ शकत नाही.

मग उरतं काय? माझ्या मते जे उरतं ते फार मोलाचं आहे.

रात्रीचे साडेनऊ वाजले आहेत. ओट्यावर दूध तापतंय, मुलगी गणित अडलं म्हणून हाका मारतेय आणि फोनवर वरिष्ठांचा निरोप येतो: उद्या सकाळी नऊपर्यंत हवं आहे. बोट आपसूक ‘हो सर’ लिहितं आणि राग निघतो मुलीवर. ज्याने निरोप धाडला त्याला होकार मिळाला, जिने काहीच केलं नाही तिला बोलणी. घाई माणसाचं हे असं करते. विचार करण्याआधीच ती त्याच्याकडून उत्तर काढून घेते. इथे तीन सावकाश श्वास घेतले, उच्छ्वास जरा लांबवला, मन भरकटलं की न रागावता पुन्हा नाकपुडीशी आणलं, तर काय होतं? निरोप तोच राहतो, काम तेवढंच राहतं. पण उत्तर देण्याआधी पावलाएवढी जागा मिळते. त्या जागेत ‘उद्या दुपारी देते’ हे वाक्य सुचू शकतं. मुलीला ‘पाच मिनिटं थांब, बघते’ म्हणता येतं. सावध श्वासाचा खरा उपयोग हा आहे. तो आपल्याला सोशिक बनवण्यासाठी नाही. कुठे थांबायचं, कुणाला नाही म्हणायचं आणि कुणाला वेळ द्यायचा, हे ठरवण्याचा हक्क तो आपल्या हाती परत देतो. ज्याला एवढंही भान उरत नाही, तो कामाच्या तासांबद्दल भांडणार तरी कशाच्या बळावर?

म्हणून माझा आग्रह दोन्हीकडे आहे. शाळांनी मुलांना दिवसातून काही मिनिटं श्वास पाहायला शिकवावं, गुण न देता आणि धर्म न लावता. कार्यालयांनी श्वसनाचे वर्ग जरूर घ्यावेत. त्याआधी रात्री नऊनंतर निरोप धाडणं बंद करावं. आणि आपण, ज्यांना दोन्ही टोकांनी ओढ आहे, त्यांनी उत्तर देण्याआधी एक पूर्ण श्वास घेण्याची सवय लावून घ्यावी आणि मग जिथे नकार द्यायचा तिथे तो स्पष्ट शब्दांत द्यावा. सावकाशपणा कुणी दान म्हणून देत नाही. तो आधी स्वतःच्या श्वासात कमवावा लागतो आणि मग सगळ्यांनी मिळून कामाच्या करारातही मागावा लागतो.