पॉयरोचा निवाडा आम्हांस मान्य नाही

अगाथा ख्रिस्ती यांची ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ ही कादंबरी १९३४ साली प्रसिद्ध झाली. आजही ती संपवताना वाचक बहुधा समाधानाचा सुस्कारा सोडतो. हिमात अडकलेल्या आगगाडीत रॅचेट नावाचा इसम बारा वार होऊन मरतो. हा रॅचेट म्हणजे एका चिमुरडीला पळवून तिचा जीव घेणारा आणि पैशाच्या बळावर कायद्याच्या हातून निसटलेला नराधम. मारणारेही बारा, जणू स्वतःच नेमलेली ज्यूरी! गुप्तहेर हर्क्युल पॉयरो दोन उलगडे मांडतो, एक खोटा व एक खरा. आणि उपस्थितांच्या संमतीने पोलिसांसाठी खोटा निवडला जातो. हाच खरा न्याय, असे मानणाऱ्यांशी आमचा उघड वाद आहे.

रॅचेटसाठी कोणी अश्रू ढाळावेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याच कादंबरीतील एका तपशिलावरून वाचकाची नजर घसरून जाते. अपहरणानंतर घरातील एका दासीवर पोलिसांचा संशय बसला. तिने खिडकीतून उडी घेऊन जीव दिला आणि मागाहून ती निर्दोष ठरली. त्या दासीचा बाप मारेकऱ्यांपैकी एक आहे. इतरांच्या खोट्या खात्रीने ज्याची लेक नेली, तोच आता स्वतःच्या खात्रीवर हात उचलतो! या वेळी खात्री खरी ठरली, कारण ते लेखिकेच्या हाती होते. प्रत्यक्ष इंग्लंडात टिमोथी एव्हन्स याला १९५० साली फाशी झाली आणि १९६६ साली त्याला मरणोत्तर माफी द्यावी लागली. तेथे तर न्यायाधीश, वकील, ज्यूरी, सारे काही होते. बंद डब्यात यांपैकी काय होते?

कायदाच पांगळा ठरला तर काय करावे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण पांगळ्या कायद्याविरुद्ध चव्हाट्यावर उभे राहणे वेगळे आणि रात्री, झोपेचे औषध पाजून, आळीपाळीने सुरा चालवणे वेगळे.

आमचा मुख्य आक्षेप मात्र क्षमेबद्दल आहे. पॉयरो हा कॅथलिक. तरी त्या बारांपैकी एकाकडेही तो पश्चात्तापाचा शब्द मागत नाही. एक स्त्री सारा दोष शिरावर घेण्यास तयार होते खरी, पण ते सोबत्यांना वाचवण्यासाठी. ज्यांना मुळात पाप वाटतच नाही त्यांना सोडून देणे, याला क्षमा म्हणायचे काय?

जी. के. चेस्टरटन यांनी याचे उत्तर आधीच देऊन ठेवले होते. १९२७ सालच्या ‘द सिक्रेट ऑफ फादर ब्राऊन’ या संग्रहात मार्नच्या उमरावाची कथा आहे. द्वंद्वयुद्धात आप्ताला मारल्यामुळे तो झुरत बसला आहे, अशी सर्वांची समजूत. धर्मगुरूंनीच त्याला कोंडून ठेवले, आता झाले गेले विसरा, असा स्नेह्यांचा आग्रह. मग सत्य बाहेर येते: खोटेच कोसळून, जवळ धावून आलेल्या प्रतिस्पर्ध्याला त्याने दग्याने मारले होते. क्षणात ते दयाळू लोक तोंड फिरवतात. फादर ब्राऊन त्यांना सुनावतात की, तुम्हांला जे पाप वाटत नव्हते तेवढ्याचीच तुम्ही क्षमा केली. पापनिवेदन ऐकण्यास बसणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना या वाक्याचे वजन ठाऊक आहे. क्षमेला घृणास्पद पापाजवळ जावे लागते, आणि पाप्याने ते पाप म्हणून उच्चारावे लागते. ओरिएंट एक्स्प्रेसमध्ये यांपैकी काहीही घडत नाही.

रोनाल्ड नॉक्स या कॅथलिक धर्मगुरूंनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. (एकाहून अधिक चोरवाट नको, अशी तंबीही त्यांत आहे!) सातवा नियम असा की, गुप्तहेराने स्वतः गुन्हा करू नये. नियम खेळाचा होता. पण ख्रिस्तीबाईंनी तो शेवटी पॉयरोकडूनच मोडवला. १९७५ साली निघालेल्या ‘कर्टन’मध्ये इतरांना गोड बोलून खुनास प्रवृत्त करणारा नॉर्टन कायद्याच्या कक्षेत सापडत नाही, तेव्हा वृद्ध, आजारी पॉयरो त्याला स्वतः गोळी घालतो. येथे मात्र समाधानाचा सुस्कारा नाही. आपण केले ते योग्य की अयोग्य, हे मला ठाऊक नाही, असे तो मित्राला लिहून ठेवतो. हृदयविकाराचे औषध हाताच्या पल्ल्याबाहेर सारतो आणि निवाडा देवावर सोपवतो. या दुसऱ्या कृत्यालाही आमची संमती नाही. पण १९३४ च्या पुस्तकाला टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कितीजण १९७५ च्या या पानापर्यंत पोहोचतात?