‘कादंबरीच बरी होती’ : एका भाबड्या ठरवलेल्या वाचकाची तक्रार

कादंबरीवरून चित्रपट निघाला की आपल्या समीक्षाव्यवहारात एक वाक्य ठरल्यासारखे उच्चारले जाते : दोन्ही माध्यमे भिन्न आहेत, सबब तुलना अप्रस्तुत आहे. मग ‘कादंबरीच बरी होती’ असे म्हणणारा वाचक आपोआप भाबडा ठरतो. त्याला चित्रपटाची भाषा कळत नाही, तो कथानकाला चिकटून बसला आहे, असे गृहीत धरले जाते. राजोडीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात बसून वाचणारा मी असाच एक वाचक आहे आणि हे गृहीतक मला साफ अमान्य आहे.

वाचकाची तक्रार कथानकाबद्दल असती, तर ‘सिंहासन’वर तो सर्वाधिक रुष्ट व्हायला हवा होता. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र गुंफून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेल यांनी १९७९ साली चित्रपट केला. दोन संहितांची अशी मोडतोड होऊनही वाचकाने तो चित्रपट आपला मानला. कारण साधूंच्या कादंबऱ्यांत सांगणारा एक ‘मी’ नाही. सत्ता आणि शहर अनेक पात्रांतून, अनेक ठिकाणांहून उलगडत जाते. अशा रचनेला कॅमेरा सहज सामावून घेतो. दृष्टी हरवली नाही, म्हणून घटना बदलल्याचे कुणाला दुःख झाले नाही.

आता ‘बनगरवाडी’ घ्या. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची. अमोल पालेकरांचा चित्रपट १९९५चा. चित्रपटात माणदेशाचा माळ आहे, धनगर आहेत, मेंढरे आहेत, तालीम आहे, दुष्काळ आहे. घटनांच्या पातळीवर तक्रारीला फारशी जागा नाही. परंतु कादंबरीत तरुण मास्तर आपल्याला दिसत नाही; त्याच्या डोळ्यांनी आपण वाडी पाहतो. पडद्यावर मास्तर दिसू लागतो आणि त्याच क्षणी तो इतर पात्रांपैकी एक होतो. पाहणारा स्वतःच पाहिला जाणारा झाला. माडगूळकरांच्या गद्यातील तो कोरडा, मोजका, हळहळ दाबून धरणारा स्वर कुणाच्या तोंडी द्यायचा, हा प्रश्न चित्रपटाला सोडवता आलेला नाही. हा दोष दिग्दर्शकाच्या प्रामाणिकपणाचा नव्हे. पण ती हानी आहे आणि तिला हानी म्हणणे हे समीक्षेचे काम आहे.

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’बाबत हेच घडते. सुजय डहाके यांच्या चित्रपटाच्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो अनाठायी नव्हता. तरीही आणीबाणीच्या काळातील नववीतला मुकुंद जोशी ज्या भाषेत स्वतःशी बोलतो, जगाची टिंगल करतो आणि त्या टिंगलीआड आपली भीती लपवतो, ती भाषाच त्या कादंबरीची वास्तू आहे. संवादांत ती थोडी उतरते; निवेदनात होती तितकी उतरत नाही. उरते ती एका मुलाच्या पहिल्या प्रेमाची गोष्ट.

जयवंत दळवींच्या ‘चक्र’ची तऱ्हा याहून वेगळी. १९६३च्या या कादंबरीवरील रवींद्र धर्मराज यांचा १९८१चा चित्रपट हिंदी होता. स्मिता पाटील यांचा अभिनय थोरच. पण दळवींच्या मराठीने उभी केलेली मुंबईची झोपडपट्टी हिंदीत जाताना काय गमावते, याची चर्चा अभिनयाच्या कौतुकात बुडून गेली.

हे मला ठळकपणे जाणवते, त्याला माझे गाव कारण असेल. आमच्या परिसरात घरात सामवेदी किंवा वाडवळी आणि शाळेत प्रमाण मराठी, अशा दुहेरी भाषेत माणूस वाढतो. तीच गोष्ट दुसऱ्या बोलीत सांगितली की ती तीच राहत नाही, हे आम्हांला सिद्धान्त वाचून शिकावे लागत नाही. वसईच्या किल्ल्यात चित्रीकरणे होतात. पडद्यावर मात्र तो बहुधा कुठलासा निनावी किल्ला असतो. दगड तेच, चिंचोळ्या वाटा त्याच; नाव तेवढे गेलेले. माध्यमांतरात अनेकदा कादंबरीचे असेच होते.

जॉर्ज ब्लूस्टोन यांनी १९५७ सालीच कादंबरी आणि चित्रपट यांच्यातील मूलभूत भेद मांडला होता. आपल्याकडे त्या भेदाचा उपयोग विचार सुरू करण्याऐवजी तो थांबवण्यासाठी केला जातो. माध्यमे भिन्न आहेत, म्हणूनच तुलना आवश्यक आहे : कोण सांगत होते, कोणत्या भाषेत सांगत होते आणि कशाविषयी मौन पाळत होते, हे प्रश्न तुलनेशिवाय विचारताच येत नाहीत. चित्रपट आधी पाहून कादंबरीकडे येणाऱ्या वाचकाच्या कानात नटाचा आवाज आधीच बसलेला असतो. लेखकाचा आवाज त्याला ऐकू यावा, ही जबाबदारी समीक्षेची आहे. ती टाळायची आणि वर वाचकालाच भाबडा म्हणायचे, हा व्यवहार आता पुरे झाला.