हराम की स्किल? आधी हिशेब मांडू या

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. रमी असो, पोकर असो की फॅन्टसी क्रिकेट, पैसे लावून खेळायचे मोबाईल गेम चालवणं बेकायदा ठरलं. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली आणि मोठ्या कंपन्यांनी लगेच पैशांचे खेळ बंद केले. पुढे कायद्याला कोर्टात आव्हानही दिलं गेलं. आमच्या सोलापुरात या बातमीवर मला दोनच प्रतिक्रिया ऐकू आल्या. घरातले मोठे म्हणाले, "बरं झालं, हरामच होतं ते." पोरं म्हणाली, "जुगार नव्हताच तो, स्किल होतं." मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. कारण दोन्हींमध्ये हिशेब नाही.

आधी स्किलचं बघू. १९६८ साली सुप्रीम कोर्टाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं होतं. कंपन्यांचा सगळा डोलारा अशा निकालांवर उभा राहिला. ठीक आहे, मानलं. पण समजा, दहा जणांनी पन्नास-पन्नास रुपये लावले. जमले पाचशे. त्यातून अ‍ॅपने पंधरा टक्के कापले. उरलेले सव्वाचारशे खेळाडूंमध्ये वाटले. कोण जिंकला, कोण हरला ते सोडा. दहा जणांच्या खिशातून पंच्याहत्तर रुपये कायमचे गेले. आता तेच पैसे पुन्हा पुन्हा लावत गेलं तर सरासरीने शंभराचे पंच्याऐंशी होतात, मग बहात्तर, मग एकसष्ट. दहा फेऱ्यांनंतर वीससुद्धा उरत नाहीत. शिवाय खेळ खरंच कौशल्याचा असेल, तर कारखान्यातून थकून आलेल्या पोराचे पैसे दिवसभर तेच करणाऱ्या मुरलेल्या खेळाडूकडे जाणार. नवख्याला नशिबाची साथ मिळण्याची आशाही कमीच.

माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा. इथेच वाढलो, इथेच इंजिनिअरिंग केलं. आमच्या क्षेत्रात प्रत्येक अ‍ॅपचा एक आकडा रोज पाहिला जातो: आज आलेला माणूस उद्या परत आला का, सातव्या दिवशी आला का, तिसाव्या दिवशी आला का. हा आकडा वाढावा म्हणून बटणाचा रंग, नोटिफिकेशनची वेळ, बोनसची रक्कम, सगळं लोकांवर तपासून ठरवतात. अर्ध्यांना एक रूप दाखवायचं, अर्ध्यांना दुसरं, आणि ज्याने माणसं जास्त अडकतील ते ठेवायचं. हीच पद्धत बँकेच्या अ‍ॅपलाही वापरतात, त्यात गैर काही नाही. पण खेळणाऱ्याच्या पैशातून कमिशन कापणं हाच ज्या अ‍ॅपचा धंदा आहे, तिथे 'परत येणं' म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

पूर्वी मटका होता. पण मटक्याला अड्ड्यावर जावं लागायचं, चिठ्ठी लिहून घ्यावी लागायची, कुणीतरी बघायचं, घरी कळायचं. आता सोलापुरी चादर डोक्यावरून ओढून रात्री एक वाजता खेळता येतं. पैसे यूपीआयने जातात, नोट हातातून सुटल्याची जाणीवही होत नाही.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका यंत्रमाग कामगाराची आई माझ्याकडे आली होती. मी त्यांना खाला म्हणतो. म्हणाल्या, "बेटा, तू इंजिनिअर है ना, इसके मोबाईल में से वो गेम निकाल के डाल." मी गेम काढला नाही, कारण तो दोन मिनिटांत पुन्हा टाकता येतो. मी त्या मुलाला म्हटलं, बँकेचं स्टेटमेंट काढ. त्याची खात्री होती की आपण साधारण बरोबरीत आहोत. एकदा चार हजार लागले होते ते त्याच्या पक्कं लक्षात होतं. आम्ही दोघांनी कागदावर दोन रकाने केले. पन्नास, शंभर, शंभर, दोनशे, बहुतेक रात्री अकरानंतरचे. सात महिन्यांत गेले होते त्रेसष्ट हजार आणि परत आले होते एकवीस. तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला. आई रोज विड्या वळते, तिला किती हजार विड्या वळाव्या लागतील हे त्यानेच मोजलं. मी काही बोललो नाही.

आता हरामचं. जुगार मना आहे हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. पण घरात हा शब्द उच्चारला की विषय तिथेच संपतो. मुलगा खेळायचं थांबत नाही, सांगायचं थांबतो. मग तोटा भरायला लोन अ‍ॅप, मित्राची उधारी, बहिणीच्या भिशीचे पैसे. सूरह अल-बकरामध्ये दारू आणि जुगाराचा उल्लेख येतो, तिथेही फायदा आणि गुनाह दोन्ही तोलून मग कौल दिला आहे. म्हणजे तोलणं, हिशेब करणं आपल्याला परकं नाही. पोराशी बोलताना आपणच ते विसरतो.

आणि दुसऱ्या कुणाच्या भरवशावर राहू नका. याच खेळांतल्या पैशांवर सरकारने १ ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी घेतला. भारतीय संघाच्या जर्सीवर २०२३ पासून फॅन्टसी अ‍ॅपचं नाव होतं. जुलै २०२५ मध्ये आपले तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधान परिषदेत मोबाईलवर रमी दिसत असल्याचा व्हिडिओ गाजला. आपण खेळत नव्हतो, असं त्यांनी सांगितलं. कृषी खातं गेलं आणि मिळालं ते क्रीडा खातं. हसू येतं, पण जाहिरात, कर आणि खेळ यांत सगळेच होते, हे विसरू नये.

बंदीनंतर धोका संपला असंही नाही. टेलिग्रामवर लिंक येतात, प्ले स्टोअरबाहेरची एपीके फाईल टाकायला सांगतात. अशा अ‍ॅपला एसएमएस वाचायची परवानगी दिली की तुमचा ओटीपीही त्याला दिसतो. काही जण "तुझं खातं दे, महिन्याला पैसे देतो" म्हणतात. त्या खात्यावरून सट्ट्याचे आणि फसवणुकीचे पैसे फिरतात, खातं गोठतं आणि पोलीस तुमच्या दारात येतात. फुकट गेमही तपासून बघा. बीजीएमआयमध्ये पैसे भरून क्रेट उघडता, आत काय निघेल ते नशिबावर. शिवाय रोजचा डेटा रात्री बाराला वाया जातो म्हणून तो संपवायला जागणारी पोरं मी पाहतो. पैसे वाचवल्यासारखं वाटतं, जाते ती झोप.

म्हणून एकच विनंती. आज रात्री स्वतःचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि दोन रकाने करा. अनेक बँकांच्या अ‍ॅपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादा कमी करता येते, ती करा. फसवणूक झाली असेल तर १९३० वर लगेच फोन करा. नवा कायदा खेळ चालवणाऱ्याला आणि त्याची जाहिरात करणाऱ्याला शिक्षा देतो, खेळणाऱ्याला नाही. तेव्हा तक्रार करायला घाबरू नका. आणि भाऊ किंवा मित्र अडकला असेल, तर उपदेश नंतर करा. आधी शेजारी बसून त्याला बेरीज करू द्या.