गावाच्या पाण्यातलं फ्लोराइड आईला कळू द्या

मा. मंत्री, पाणीपुरवठा व स्वच्छता, आणि
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य, महाराष्ट्र राज्य
यांना खुले पत्र

महोदय,

यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी मी दातांचा दवाखाना चालवतो. दोन्ही विभागांना एकच पत्र लिहितो आहे, कारण विषयाचं एक टोक नळयोजनेत आहे आणि दुसरं मुलांच्या तोंडात.

"डॉक्टरसाहेब, हा रोज घासते, तरी दात पिवळेच," असं सांगत आया मुलांना घेऊन येतात. तोंड उघडायला लावलं की वरच्या पुढच्या दातांवर आडवे पट्टे दिसतात, कुठे खडूसारखे पांढरे, कुठे तपकिरी. डाव्या दातावर पट्टा जिथे असतो, साधारण तिथेच तो उजव्या जोडीदारावरही असतो. कीड अशी जोडीने लागत नाही. ती दाढेच्या खाचेत, दोन दातांच्या फटीत, हिरडीच्या कडेला लागते. हे पट्टे दात जबड्यात घडत असतानाच पडलेले असतात. मुलाने कोळसा घासला, मीठ घासलं, विटेची भुकटी घासली तरी ते निघत नाहीत, उलट वरचं एनॅमल झिजतं. तरी आळशी म्हणून बोलणी खातो तो मुलगाच. शाळेत चिडवतात तेही त्यालाच.

हे पट्टे म्हणजे दंत-फ्लोरोसिस. पुढचे पक्के दात सहा-सात वर्षांच्या वयात बाहेर येतात, पण त्यांचं एनॅमल जन्मानंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत घडतं. दुसरीतल्या मुलाचा दात म्हणजे तो रांगत होता तेव्हा घरात कुठलं पाणी होतं याची नोंद असते. आज पाणी बदललं तरी ती नोंद पुसता येत नाही. पण त्याच्या धाकट्या बहिणीचे दात वाचवता येतात.

फ्लोराइडचा फायदा जगाला कळला तोही याच डागांमुळे. १९०१ साली अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे दवाखाना थाटलेल्या फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला तिथल्या लोकांचे दात तपकिरी दिसले. पुढे त्याच्या असंही ध्यानात आलं की हे डागाळलेले दात किडत मात्र कमी. कारण पाण्यातलं फ्लोराइड आहे हे कळायला १९३१ साल उजाडलं. मग ट्रेंडली डीन यांनी गावोगावचं पाणी आणि मुलांचे दात ताडून पाहिले. लिटरला साधारण एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असेल तर कीड कमी होते आणि डागही फारसे दिसत नाहीत, असं त्यांना आढळलं. १९४५ मध्ये मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराने नळाच्या पाण्यात मोजून फ्लोराइड घालायला सुरुवात केली.

गोड खाल्ल्यावर तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि त्याने एनॅमलमधली खनिजं विरघळतात. लाळेत थोडं फ्लोराइड असेल तर ती खनिजं परत बसतात, आणि बसलेला थर आम्लाला जास्त दाद देत नाही. म्हणजे फ्लोराइडचा फायदा मुख्यतः दाताला बाहेरून लागण्यात आहे. त्याचा अपाय पोटात जाण्यातून होतो. पालकांना एवढा फरक समजला तरी निम्मा गोंधळ मिटेल.

अपाय दातांवर थांबत नाही. १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातून हाडांच्या फ्लोरोसिसची नोंद झाली. वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइडचं पाणी पिऊन पाठीचा कणा ताठ होतो, सांधे आखडतात. खाली वाकून भांडं उचलता येत नाही अशा माणसाला वाताच्या गोळ्या दिल्या जातात, आणि पाण्याचा विषय निघतच नाही.

आपल्या राज्यात हा प्रश्न सगळीकडे सारखा नाही, आणि एकच सल्ला सगळ्यांना देता येत नाही तो त्यामुळेच. पुण्या-मुंबईला धरणाचं पाणी मिळतं, त्यात फ्लोराइड फारच कमी. तिथल्या मुलांना किडीपासून वाचायला फ्लोराइडची टूथपेस्ट हवीच. इकडे चंद्रपूर, गडचिरोली, भंडाऱ्यात, नांदेडच्या पूर्वेकडे जुना ग्रॅनाइटी खडक आहे, आणि अशा खडकातून पाण्यात फ्लोराइड उतरतं. आमच्या जिल्ह्यातल्या पांढरकवडा परिसरातल्या भूजलातलं जादा फ्लोराइड तर भूवैज्ञानिकांनी केव्हाच नोंदवलं आहे. बोअर जितकी खोल, तितकं पाणी खडकात जास्त मुरलेलं, आणि बहुतेक ठिकाणी फ्लोराइडही जास्त. उन्हाळ्यात विहीर आटली की आपण आणखी खोल बोअर मारतो.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं. हा आकडा तपासणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, प्रयोगशाळा आहेत, जलजीवन मिशनमधून गावातल्या बायकांना दिलेले तपासणी संच आहेत. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. गुलाबी रंग पिवळ्याकडे झुकला की फ्लोराइड जास्त. अंगणवाडीच्या ओट्यावर बसून करता येईल असं हे काम आहे. पण आलेला आकडा पुढे जातो तो कागदावरून वर, पंचायत समितीकडे, जिल्हा परिषदेकडे. ज्या आईला सकाळी कुठल्या हातपंपावर कळशी लावायची ते ठरवायचं असतं, तिच्यापर्यंत तो येत नाही. जास्त फ्लोराइडच्या हातपंपाला लाल रंग दिला जातो, तो दोन पावसाळ्यांत उडतो. ग्रामपंचायतीला पाण्यासाठी लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं, पण त्या पाहणीचा भर गळती, गटार आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीवर, म्हणजे जंतूंवर असतो. हिरवं कार्ड मिळालेल्या गावाला वाटतं, आपलं पाणी सगळ्या बाजूंनी चांगलं आहे.

माहिती नसली की लोक भलतेच उपाय करतात. पाणी उकळून प्यायचा सल्ला जंतूंसाठी योग्य आहे, पण उकळल्याने वाफ उडते आणि फ्लोराइड मागे राहून आणखी दाट होतं. टीसीएलने ते जात नाही, साध्या कँडल फिल्टरनेही नाही. नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड काढण्याची नालगोंडा पद्धत १९७० च्या दशकात विकसित केली. पद्धत चांगली आहे, पण रोजचं मोजमाप आणि गाळाची विल्हेवाट कुणीतरी नेमाने करावी लागते. अॅल्युमिनाचं फिल्टर ठरावीक पाण्यानंतर भरून जातं. ते वेळेवर धुऊन ताजं केलं नाही तर लोक शुद्ध म्हणून तेच जुनं पाणी पितात. नवं यंत्र बसवण्याइतकाच पैसा बसवलेलं यंत्र चालू ठेवायला लागतो, हे अंदाजपत्रकात दिसायला हवं.

आता टूथपेस्टबद्दल, कारण मोबाइलवर फिरणारे संदेश वाचून आया पेस्टच बंद करू लागल्या आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल त्यांत दाखवला जातो. त्याचा निष्कर्ष पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वरच्या पातळीबद्दल आहे. तिथे मुलांचा बुद्ध्यांक कमी असण्याशी संबंध दिसतो, असं तो मध्यम खात्रीने सांगतो. अमेरिकेत पाण्यात घालतात ते ०.७. त्याबद्दल ठाम काही सांगण्याइतका पुरावा त्या अहवालाला मिळाला नाही. कॅनडातल्या कॅलगरीने २०११ साली पाण्यात फ्लोराइड घालणं बंद केलं, पोरांचे दात जास्त किडू लागले, आणि २०२५ मध्ये ते पुन्हा सुरू करावं लागलं. आपण पाण्यात फ्लोराइड घालत नाही, त्यामुळे तो वाद इकडे आणायचं कारण नाही. पण १.५ च्या वरची पातळी आपल्या कितीतरी गावांत निसर्गतःच आहे, आणि त्या अहवालातली भीती खरी ठरत असेल तर ती आपल्या पोरांसाठी आहे. याकडे आरोग्य विभागाने गांभीर्याने पाहावं.

हिशेब साधा आहे. लिटरला ३ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेलं लिटरभर पाणी मूल प्यायलं की ३ मिलिग्रॅम पोटात गेलं. आपल्या नियमाने पेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा जास्त फ्लोराइड चालत नाही, आणि ट्यूबवर आकडा छापावा लागतो. तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट मुलाने पूर्ण गिळली तरी पोटात जातं सुमारे ०.१ मिलिग्रॅम. तीन वर्षांखालच्या मुलाला तेवढीच द्यावी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी, आणि थुंकायला शिकवावं. जाहिरातीत ब्रशभर दाखवतात तशी नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइड टूथपेस्ट आवश्यक औषधांच्या यादीत घेतली आहे. आमच्या भागातही ती बंद करू नये, कारण इथल्या घरांत बिस्किटं आणि गोड चहा पोचलेला आहे आणि कीडही आहे. कमी करायचं ते घागरीतलं फ्लोराइड. कोरा चहाही जपून, कारण चहाच्या पानात मुळातच फ्लोराइड असतं. दूध, नाचणी, पावसाळ्यात बांधावर उगवणारा तरोटा यांतलं कॅल्शियम शरीरात होणारं फ्लोराइडचं शोषण कमी करतं. अंगणवाडीच्या आहारात हे आणायला फार खर्च नाही.

माझी मागणी अशी. प्रत्येक गावात टाकीवर, शाळेच्या आणि अंगणवाडीच्या भिंतीवर त्या-त्या स्रोताचं फ्लोराइड मोठ्या आकड्यात, तपासणीच्या तारखेसह लिहा, आणि उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर तो आकडा बदला. शाळेच्या आरोग्य तपासणीत ज्या गावच्या मुलांच्या दातांवर पट्टे दिसतील, त्या गावचं नाव त्याच आठवड्यात भूजल यंत्रणेकडे गेलं पाहिजे. आज आम्ही दंतवैद्य पट्टे पाहतो आणि आमच्या वहीत ठेवतो, ते कळवायला जागाच नाही. जास्त फ्लोराइडच्या गावांत नदी-धरणाचं पाणी पोचायला वेळ लागणार, हे समजू शकतो. पण नळयोजनेच्या माणशी रोजच्या ५५ लिटर पाण्यातलं पिण्या-स्वयंपाकाला लागतं फक्त आठ-दहा लिटर. तेवढं पाणी जवळच्या उथळ विहिरीतून, साठवलेल्या पावसातून किंवा नीट चालणाऱ्या यंत्रातून आत्ताच देता येईल. त्यातही गरोदर बाई आणि आठ वर्षांखालची मुलं असलेल्या घरांना आधी द्या. टंचाईचा आराखडा करताना नवी बोअर वापरात आणण्याआधी तिचं पाणी फ्लोराइडसाठी तपासल्याचा कागद मागा, आणि तो नसेल तर त्या बोअरला हातपंप बसवू नका.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातील एक दंतवैद्य